दान नव्हे, देणे

व्यापारी मनुष्यास हिशेब शिकवावा लागत नाही. रोजकीर्द, खतावणी व तेरीज ही त्याच्या हाडीमासी खिळलेली असतात. कोणाकडे येणे किती आणि कोणाचे देणे किती, हे त्यास झोपेतून उठविले तरी सांगता येते. परंतु याच मनुष्यापुढे सरकारी कराची गोष्ट निघाली की तो हिशेबाची भाषा टाकून दानधर्माची भाषा बोलू लागतो. व्यवसायकराचे वर्षाकाठी अडीच हजार रुपये भरताना कित्येक सद्गृहस्थ आम्हांस विचारतात की, "आम्ही सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात राबावयाचे आणि आमच्या पैशाने सरकारने खेड्यांतील लोकांस मजुरी वाटावयाची, हा कोठला न्याय?" प्रश्न रोकडा आहे. तो विचारणारांस स्वार्थी म्हणून झिडकारणे सोपे आहे. पण तसे केल्याने प्रश्न सुटत नाही. त्याचे उत्तरही रोकडेच दिले पाहिजे, व ते देण्याचा आजचा आमचा विचार आहे.

प्रथम वस्तुस्थिती काय ती पाहू. महाराष्ट्रात व्यवसायकर १९७५ सालच्या कायद्याने सुरू झाला. खेड्यांतील ज्या कोणा प्रौढ स्त्रीपुरुषास अंगमेहनतीचे काम हवे असेल त्यास ते देण्याची जी रोजगार हमी योजना, तिच्या खर्चासाठी हा कर बसविण्यात आला. त्याच्या जोडीस मोटारगाड्यांवरील करात, शहरांतील बिगर-रहिवासी जागांवरील करात, बागायती जमिनीच्या आकारात व जमीनमहसुलात थोडथोडी भर घालण्यात आली. आणि या सर्व मार्गांनी जेवढी रक्कम येईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्या निधीत घालावी असे ठरले. म्हणजे ओझे एकट्या दुकानदारावर टाकलेले नाही. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराची वरची मर्यादा प्रथम वर्षाला २५० रुपये होती; १९८८ सालच्या साठाव्या दुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि तेव्हापासून ती तेथेच आहे. इतक्या वर्षांत धान्य, कापड, घरभाडे, वैद्याची फी, सर्वच कितीतरी पटींनी वाढले. वाढला नाही तो हा आकडा. तेव्हा जो कर खऱ्या मोलाने दरसाल हलकाच होत आला, त्याच्या ओझ्याखाली व्यापार दबून गेला असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून नाही.

पण कर हलका असला म्हणजे न्याय्य झाला असे नव्हे. चोराने थोडे चोरले म्हणून तो साव ठरत नाही. मूळ प्रश्न असा की, एकाच्या कमाईतून काढून दुसऱ्याच्या पोटास घालण्याचा अधिकार राज्यास आला कोठून? या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. ती अशी की, आज ज्याच्यापाशी जे आहे ते सर्वस्वी त्याच्या एकट्याच्या कर्तबगारीने आले, आणि सरकार मध्ये पडले नसते तर वाटणी आपोआप न्याय्यच होती. ही समजूत खरी नाही. मिल या अर्थशास्त्रवेत्त्याने १८४८ साली आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, संपत्ती उत्पन्न होण्याचे नियम बऱ्याच अंशी सृष्टिनियमांसारखे आहेत. पण तिची वाटणी कशी व्हावी हे मनुष्यांनी केलेल्या संस्था व कायदे ठरवितात. वारसा कोणास मिळावा, धरणाचे पाणी कोणाच्या शेतात जावे, निर्यात कोणत्या मालाची उघडी असावी व कोणत्या मालाची बंद, सडक कोणत्या गावावरून जावी, हे सर्व मनुष्यांनी ठरविलेले असते. वाटणी सरकारच्या हातून रोज होतच आहे. ती पूर्वी एका बाजूस कलली असेल, तर तिचे पारडे सारखे करण्यास फेरवाटणी म्हणतात. आणि तो न्यायाचाच दुसरा अर्धा भाग आहे.

वाटणी कोणत्या बाजूस कलली, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले त्यात त्यांचे गाऱ्हाणे हेच होते की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांसाठी होतो. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शेतकऱ्यावर पडणाऱ्या पट्ट्या व फंड यांचा पाढा वाचला. त्या वेळच्या कित्येक सुशिक्षितांस ते बोलणे कडवट वाटले. परंतु त्यातील हिशेब कोणी खोडून काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पुढे इंग्रज गेला. पण हा कल सर्वस्वी गेला असे म्हणवत नाही. मुळशीच्या खोऱ्यातील मावळ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली गेल्या त्या मुंबईस वीज मिळावी म्हणून. सेनापती बापटांनी १९२१ साली सुरू झालेल्या त्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले, तरी धरण झालेच. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर जातात. अगदी अलीकडची गोष्ट घ्या. २०२३ सालच्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर शेकडा चाळीस जकात बसली, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, आणि ती २०२४ सालच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिली. हेतू उघड होता. शहरांतील गिऱ्हाइकास कांदा स्वस्त मिळावा. त्या स्वस्ताईची किंमत नाशिक-अहिल्यानगरकडील शेतकऱ्याने भरली. त्या वेळी, खेड्यांतील लोकांच्या पैशाने आमचे जेवण स्वस्त करू नका, असा ठराव कोणत्या शहरातील कोणत्या मंडळाने केला? खेड्याकडून शहराकडे जेव्हा पैसा वाहतो तेव्हा त्यास आपण 'धोरण' म्हणतो. शहराकडून खेड्याकडे त्यातील एक ओंजळ परत गेली की तिला 'खैरात' म्हणतो. एकाच वहीत जमेच्या बाजूस एक अक्षर आणि नावेच्या बाजूस दुसरे, असा हा प्रकार आहे.

आता काम देण्याच्या कल्पनेचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. कारण त्यात व्यापाऱ्यांनी विसरू नये असा एक धडा आहे. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडण्याची व तलाव खणण्याची कामे काढली. हिंदुस्थान सरकारतर्फे आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी मजुरी इतकी उतरविली की, दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा एवढेच हाती पडे. इतक्या मजुरीवर अंगातील शक्ती टिकत नाही म्हणून मुंबई इलाख्यात हजारो दुष्काळग्रस्तांनी ती कामे सोडली. उपाशी माणसांनी संप केल्याचे ते विलक्षण उदाहरण होय. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काकांच्या सभेने, गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली व त्या लोकांची बाजू घेतली. शहरातील सुशिक्षितांनी आपल्या लिहिण्यावाचण्याचा असा उपयोग केल्याचे स्मरण होऊन आजही समाधान वाटते.

या दुष्काळानंतर १८७८ साली सरकारने नवी तजवीज काढली. पुढील दुष्काळांसाठी दरसाल दीड कोटी रुपये बाजूस ठेवावयाचे, व ते उभे करण्यासाठी जमिनीवर उपकर आणि धंद्यांवर परवाना-कर बसवावयाचा. सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर यांसारख्या प्रतिष्ठित वर्गांस वगळून लहान-मोठ्या व्यापाऱ्यांवर तो कर पडला, म्हणून असंतोष झाला. सुरतेस तर दंगल उसळली. कर दिला तो दुष्काळासाठी. पण त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानाशी लढाई जुंपली, आणि दुष्काळाच्या नावाने उभा केलेला पैसा त्या लढाईच्या दिवसांत ठरल्याप्रमाणे बाजूस राहिला नाही. देशातील विचारी लोकांनी या गोष्टीवर जो आक्षेप घेतला तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. कर का घेतला, एवढ्यावरच त्यांचे गाऱ्हाणे थांबले नाही. ज्या नावाने घेतला त्या कामी तो का लावला नाही, हे त्यांनी विचारले. पहिली तक्रार दुकानदाराची आहे, दुसरी नागरिकाची आहे. आमच्या वाचकांनी दुसरी तक्रार करावयास शिकावे, यासाठीच आजचे हे लिहिणे आहे.

१८८० सालच्या दुष्काळ कमिशनने लोकांचे प्राण वाचविणे हे सरकारचे कर्तव्य आहे असे मानले व त्यावरून दुष्काळासंबंधीचे नियम तयार झाले. तथापि ती राजाची कृपा होती. प्रजेचा हक्क नव्हता. कलेक्टराने दुष्काळ जाहीर करावा तेव्हा काम निघावयाचे. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याने मात्र 'दुष्काळ आहे' असे म्हणून चालत नसे. राज्यघटना झाली तेव्हा तिच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आला; पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि न्यायालयात दाद न लागणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांत. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत दिलेला इशारा प्रसिद्धच आहे. राजकारणात प्रत्येकास एक मत व एक मोल, आणि समाजात व अर्थव्यवहारात विषमता, ही विसंगती फार दिवस चालू दिली तर ज्यांस ती सोसावी लागते ते लोकशाहीची इमारतच उडवून देतील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता.

कृपेचा हक्क झाला तो महाराष्ट्रात. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली व सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रथम लहान प्रमाणावर तिचा प्रयोग झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत, १९७२ साली, ती योजना म्हणून सुरू झाली. आणि लगेच तो दुष्काळ आला, ज्याची आठवण काढली की जुनी माणसे अजून लाल मिलो आणि सुकडी यांचे नाव घेतात. १९७३ सालच्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती. म्हणजे लेकरे व म्हातारी धरून दर दहा माणसांत एक मनुष्य खडी फोडीत वा माती वाहत होता. आज ज्या पाझर तलावांच्या काठी ऊस दिसतो, त्यांतील कित्येकांच्या भिंतीत त्या वर्षीच्या टोपल्यांची माती आहे. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम. न दिल्यास बेकारीचा भत्ता. स्त्रीस व पुरुषास एकच दर. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असे, हे लक्षात घेतले म्हणजे या शेवटच्या कलमाचे महत्त्व कळेल. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या हातून न जाता आपल्या नावावर, आपल्या हजेरीवर मिळालेला पैसा हा कित्येक घरांत पहिलाच होता. पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला शंभर दिवस काम देण्याचा कायदा केला, त्याचे बीज हेच.

येथे आक्षेपक म्हणतील, "हे सर्व ठीक, पण यामुळे लोक आळशी होतात." आम्ही त्यांस एवढेच सांगतो की, वैशाखाच्या उन्हात एक दिवस खडीच्या ढिगापाशी उभे राहून यावे. पोट भरलेला मनुष्य त्या कामावर जात नाही. गरजू कोण व लबाड कोण हे ओळखण्यास येथे तलाठ्याचा दाखला लागत नाही. ते काम स्वतःच निवड करिते. दुसरा आक्षेप शेतमालकांचा. मजूर महाग झाले, सरकारी कामामुळे ते शेतावर येत नाहीत, असे ते म्हणतात. याचा अर्थ असा की, पूर्वी जो मनुष्य दुसरा उपाय नाही म्हणून मिळेल त्या मजुरीवर राबत होता, त्यास आता 'नको' म्हणता येते. हे 'नको' म्हणण्याचे सामर्थ्य ज्यास नाही त्याचे स्वातंत्र्य कागदावरचे होय. आणि व्यापाऱ्यांस तर आम्ही त्यांच्याच भाषेत सांगतो: मजुराच्या हाती पडलेला रुपया तिजोरीत झोपत नाही. तो पुढच्याच आठवड्याच्या बाजारात मीठ, तेल, चहापूड व लुगडे यांच्या रूपाने तुमच्याच गल्ल्यात येतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, व तो आम्ही झाकून ठेवणार नाही. या योजनेत लुबाडणूक झाली. हजेरीपत्रकांवर खोटी नावे चढली, मेलेली माणसे कामावर आली, कागदावर बांधलेले बांध पहिल्या पावसाआधीच नाहीसे झाले. ज्यांच्या जमिनी होत्या त्यांच्या विहिरी व बांध झाले आणि ज्यास जमीनच नाही त्याच्या पदरी मजुरीपलीकडे काही उरले नाही, हीही तक्रार रास्त आहे. १९९० च्या सुमारास फळबागांची लागवड या योजनेस जोडली गेली. तिने महाराष्ट्रात आंबा, डाळिंब, काजू यांच्या बागा वाढविल्या हे खरे, पण बाग ही जमीनवाल्याचीच होते, हेही तितकेच खरे. परंतु मुनीमाने अफरातफर केली तर शहाणा सावकार मुनीमास काढतो. पेढी बंद करीत नाही.

याहूनही सूक्ष्म लुबाडणूक आहे व तीत कोणी पैसे खात नाही, म्हणून ती दिसत नाही. ती म्हणजे काम न काढणे. १९८८ साली किमान वेतनाशी मेळ घालण्यासाठी या कामांवरील मजुरीचा दर दुपटीच्या घरात वाढला. वाढलेल्या दराने कामास जास्त लोक यावयाचे. पण पुढील वर्षांत कामाचे दिवस उलट बरेच घटले. अभ्यासकांनी आकडे तपासून असा निष्कर्ष काढला की, गरज संपली म्हणून लोक कमी झाले नाहीत. मागणीच्या मानाने कामेच काढण्यात आली नाहीत. बेकारीचा भत्ता कायद्यात आहे, पण तो प्रत्यक्ष हाती पडल्याची उदाहरणे विरळा. मागणीचा अर्जच न घेणे, घेतला तर पोच न देणे, पोच दिली तर काम दूरच्या गावी दाखविणे, अशा युक्त्यांनी हक्काची पुन्हा कृपा होते. हुंडी नाकारण्यासाठी ती फाडावी लागत नाही. पेढीचे दार बंद ठेवले तरी पुरते.

हे सर्व आजच सांगण्याचे कारण आहे. २०२५ सालच्या डिसेंबरात संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात शंभर दिवसांचे सव्वाशे दिवस झाले, हे चांगलेच झाले. पण खर्चाची वाटणीही बदलली. पूर्वी अंगमेहनतीची सर्व मजुरी केंद्र सरकार देई. नव्या कायद्याने बहुतेक राज्यांस एकूण खर्चाचा शेकडा ४० हिस्सा उचलावा लागेल. शिवाय कोणत्या राज्यास किती रक्कम द्यावयाची हे केंद्र आधी ठरवील, आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने आपला आपण सोसावा. पेरणी-कापणीच्या दिवसांत मिळून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. दिवस वाढविले आणि थैलीचे तोंड आवळले, तर त्या वाढलेल्या दिवसांचा अर्थ काय उरतो, हे हिशेबी माणसास सांगावयास नको. रकमेची सीमा आधी आखून दिलेल्या हमीस हमी म्हणणे कठीण आहे. दुष्काळ अंदाजपत्रक पाहून येत नाही.

इतर राज्यांपुढे प्रश्न असा पडेल की, हा पैसा आणावा कोठून? महाराष्ट्रास तो प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. या राज्यात या एकाच कामाच्या नावाने पन्नास वर्षे कर गोळा होत आहे. जमा झालेला पैसा त्या त्या साली त्या कामावर पुरता खर्च झाला नाही, ही गोष्ट अनेकदा उघड झालेली आहे. काही वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून मागणी कमी असेल; तसे असेल तर उरलेली शिल्लक वाईट वर्षासाठी राखून ठेवावयास हवी होती. दुष्काळाच्या नावाने घेतलेला पैसा दुसरीकडे वळविणे हा १८७८ सालचा परक्या सरकारचा धडा स्वकीय सरकारने गिरवावा, हे शोभत नाही.

तेव्हा आमचे व्यापारी बंधू व नोकरदार वाचक यांस आमची विनंती अशी की, कर बंद करा ही मागणी त्यांनी सोडून द्यावी व तिच्या जागी तीन मागण्या धराव्या. पहिली मागणी हिशेबाची. व्यवसायकर व त्याच्या जोडीचे उपकर यांचे दरसाल किती आले, सरकारने आपला वाटा किती घातला, त्यांतून मजुरीस किती व सामानास किती गेले, शिल्लक किती व ती कोठे आहे, हे एका पानावर, साध्या मराठीत, जिल्हावार छापून लोकांपुढे ठेवावे. दुसरी मागणी मुदतीची. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, आणि मजुरी उशिरा मिळाली तर तिची भरपाई, ही कोणी न मागता आपोआप मिळावी. तुमची हुंडी मुदतीत सकारली गेली नाही तर तुम्ही व्याज लावता. मजुराची मजुरी ही त्याची हुंडीच आहे. तिसरी मागणी खुद्द कराच्या न्यायाची. महिना वीस-पंचवीस हजार मिळविणारा कारकून आणि महिना वीस-पंचवीस लाख मिळविणारा कारखानदार, या दोघांनीही वर्षाला अडीच हजारच भरावे, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते? येथे मात्र लहान दुकानदाराची तक्रार शंभर टक्के खरी आहे. घटनेतील मर्यादा बदलून लहानाचे ओझे उतरवावे व मोठ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे उचलावे, अशी मागणी व्यापारी मंडळांनी केली तर तीस आमचा पूर्ण पाठिंबा राहील. परंतु आपल्यावरील अन्याय दूर करण्यासाठी आपल्याहून दुबळ्याच्या ताटातील भाकर मागू नये.

काही वाचकांस वाटेल की, आमच्यासारख्या चार माणसांनी विचारून काय होणार? त्यांनी सार्वजनिक सभेचे उदाहरण आठवावे. तिच्यापाशी सत्ता नव्हती, मतपेटी नव्हती. होती ती आकडे जमविण्याची चिकाटी. आपल्यापाशी माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा आहे, निवडून दिलेले आमदार आहेत, आणि विधिमंडळाची रोजगार हमीसाठी स्वतंत्र समिती या राज्यात नेमली जात आली आहे. प्रत्येक तालुक्याच्या व्यापारी मंडळाने विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनापूर्वी एक ठराव करून तो आपल्या आमदाराकडे धाडावा, आणि त्याच तालुक्यात कामासाठी किती अर्ज आले व किती लोकांस काम मिळाले याचे आकडे लेखी मागून घ्यावे. एवढे करण्यास एक संध्याकाळ पुरे.

दान दिले म्हणजे देणारा मोठा होतो व घेणारा लहान होतो. देणे फेडले म्हणजे दोघेही बरोबरीस येतात. शहराने खेड्याचे पाणी घेतले, वीज घेतली, धान्य स्वस्त घेतले, आणि खेड्यात पोट भरेना म्हणून निघालेली माणसेही कामास घेतली. त्याच्या बदल्यात गेली पन्नास वर्षे जी एक लहानशी रक्कम खेड्याच्या नावे पडत आहे, ती तेथे पोचते की वाटेतच राहते, हे पाहणे देणेकऱ्याचेही काम आहे. पाडव्यास नव्या वहीची पूजा करताना प्रत्येक पेढीवर मागील बाकी पुढे ओढतात, ती बुडवीत नाहीत. खेड्याच्या नावची ही बाकी अजून पुढे ओढावयाची आहे, एवढे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.